हातात फोन, दुसऱ्याच्या नावावर हप्ता

जोतिबाच्या डोंगरावर लहानाचे मोठे झालेल्या मुलाला घासाघीस शिकवावी लागत नाही. आमचे घर वाडी रत्नागिरीस. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर नारळ, गुलाल, खोबरे आणि दवणा विकण्याचे आमचे लहानसे दुकान. समोर उभे राहिलेले गिऱ्हाईक कोणत्या भावाला राजी होईल, हे मी दहाव्या वर्षापासून ओळखत आलो. एवढे असूनही मागल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक जुना मोबाईल फोन विकत घेतला आणि साफ फसलो. फोन मोडका नव्हता, नकली नव्हता, चोरीचाही नव्हता. विकणाऱ्याचा तो अद्याप पुरता झालेला नव्हता, एवढेच. त्याच्यावर हप्ते चालू होते.

माझी फजिती चारचौघांत मिरवावी असा या लेखाचा हेतू नाही. परंतु आपल्या वर्गांतून सहज नजर टाकली तरी जुने घेतलेले फोन कितीतरी हातांत दिसतात. घरची बेताची परिस्थिती आणि फोनावाचून न चालणारा अभ्यास, यांतून काढलेली ती वाट आहे. त्या वाटेवरचा एक खड्डा कोठे आहे आणि तो कसा ओळखावा, एवढे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

घडले ते असे

चैत्र यात्रेत दुकानावर राबून मी नऊ हजार रुपये साठविले होते. शेजारच्या गावचा एक ओळखीचा मुलगा फोन विकणार असल्याचे कळले. तो म्हणाला, "भावा, नवाच हाय बघ. पैशाची नड हाय म्हणून काढतोय." मी फोन उघडून पाहिला, फोटो काढून पाहिला, आईला फोन लावून पाहिला. खोके आणि बिल मागितले तेव्हा तो म्हणाला, "घरात आसंल कुठंतरी, देतो की नंतर." मला तेवढे पुरले. नऊ हजार रोख मोजले आणि फोन खिशात घातला.

दोन महिने फोन उत्तम चालला. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी मी त्यावर आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. चांगल्या बेचाळीस झाल्या. दुकानाचा पैसे घेण्याचा चौकटीचा फलकही त्याच फोनाशी जोडला. मग एके दिवशी पडद्यावर सूचना झळकली, की हप्ता थकला आहे. चुकून आली असेल असे म्हणून मी ती पुसून टाकली. सूचना रोज येऊ लागली. माघ महिन्यात, खेट्यांच्या तिसऱ्या रविवारी, कोल्हापुराहून अनवाणी चालत आलेल्या भाविकांची दुकानासमोर रीघ लागलेली असताना फोन बंद पडला. बंद म्हणजे विजेने नव्हे. पडदा उजळलेला होता, त्यावर कर्ज देणाऱ्या कंपनीचा संदेश होता, आणि त्याखेरीज दुसरे काहीही उघडत नव्हते. कोणी पैसे भरले आणि कोणी नाही, हे त्या दिवशी आम्हांला कळले नाही.

सीमकार्ड काढून आईच्या साध्या फोनात घातले म्हणून नंबर तेवढा वाचला. आबांनी सारा प्रकार ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, "म्हस घेताना दात बघतोस, पावती मागतोस. मग ह्याचा कागुद का न्हाई बघितलास?"

त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे, असे म्हटले तरी चालेल.

हप्त्याच्या फोनाचे गणित

विकणाऱ्या मुलाच्या घरी गेलो तेव्हा तो कामासाठी चाकणला गेला होता आणि माझा फोन उचलत नव्हता. त्याची आई म्हणाली, "बाळा, आमाला तरी कुठं फोन करतोय?" खोके मात्र फडताळात होते आणि करारनामाही त्यातच होता. तो वाचल्यावर सारा हिशेब उलगडला.

नवीन फोनाची किंमत अठरा हजार. घेतेवेळी रोख भरले तीन हजार. उरलेल्या पंधरा हजारांचे दीड हजाराचे दहा हप्ते. त्याने तीन हप्ते भरले, म्हणजे साडेचार हजार. दोन्ही मिळून त्याच्या खिशातून गेले साडेसात हजार. मजकडून त्याला मिळाले नऊ हजार. म्हणजे फोन काही महिने वापरून वर दीड हजाराची प्राप्ती! राहिलेले साडेदहा हजार मात्र कंपनीचे येणे होते, आणि ते वसूल करण्याचे कंपनीचे साधन आता माझ्या खिशात होते.

मी ते साडेदहा हजार भरले असते तर मला फोन पडला असता साडेएकोणीस हजारांना. दुकानातला कोरा फोन अठरा हजारांना मिळत असताना! वर थकल्याबद्दलचा दंड वेगळाच. स्वस्ताईचे हे खरे स्वरूप कागद पाहिल्यावाचून कळत नाही.

तरीही मी कंपनीच्या कार्यालयात गेलो. तेथील गृहस्थ सभ्य होते. ते म्हणाले, "दादा, तुमचं नाव आमच्या कागदावर नाही. त्याच्या खात्यात पैसे भरायचे तर भरा. पण कर्ज फिटल्याचा दाखला त्याच्याच नावानं निघणार." या दोन वाक्यांत सगळा धोका सामावलेला आहे. पैसे भरण्यास कोणाची आडकाठी नाही. हक्क मात्र ज्याचे नाव कागदावर त्याचाच.

जमिनीला सातबारा, फोनाला काय?

आपल्याकडे कर्जातली वस्तू विकण्याचा प्रकार नवा नाही. परंतु जुन्या वस्तूंच्या बाबतीत समाजाने आणि सरकारने त्यावर तोडगे काढून ठेवले आहेत. शेत विकत घ्यावयाचे झाल्यास माणूस प्रथम सातबारा उतारा काढतो. सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज असेल तर त्याचा बोजा 'इतर हक्क' या रकान्यात चढलेला असतो, आणि कर्ज फेडून तो उतरविल्याखेरीज शहाणा माणूस इसार देत नाही. मोटारसायकलीचे तसेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार कर्ज देणाऱ्याची नोंद गाडीच्या नोंदणी पुस्तकात होते, आणि ती रद्द करून घेतल्याशिवाय गाडी मोकळी होत नाही. म्हशीसारख्या मुक्या जनावराचीही बाजारात पावती फाटते.

मोबाईल फोनाला असा उतारा नाही. त्यावर कर्ज आहे की नाही हे कोणाही ग्राहकाला पाहता येईल असे सरकारी दप्तर नाही. कर्जाची माहिती कंपनीच्या खात्यात, पतमाहिती ठेवणाऱ्या संस्थांच्या दप्तरात आणि कर्जदाराच्या मनात असते. आणि या तिन्ही ठिकाणी परक्याला प्रवेश नाही. फोनाच्या पाठीवर बोजा लिहिलेला दिसत नाही. म्हणून जमीन घेताना जे काम तलाठ्याचे दप्तर करते, ते काम फोन घेताना ग्राहकाने स्वतः करावयाचे असते. आबांच्या प्रश्नाचे उत्तर हेच. फोन चालतो की नाही ते मी पाहिले. तो मोकळा आहे की नाही ते पाहिले नाही.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात मालाच्या विक्रीसंबंधीचा कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या सत्ताविसाव्या कलमातील तत्त्व सोपे आहे: विकणाऱ्यापाशी जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो, त्याहून अधिक नाही. या तत्त्वाला काही अपवाद आहेत, आणि हप्त्याच्या वस्तूंचे भांडण बहुधा त्या अपवादांच्या उंबरठ्यावर होते.

यासंबंधी इंग्लंडमधील एक जुना खटला प्रसिद्ध आहे. हेल्बी नावाच्या व्यापाऱ्याने एका गृहस्थाला पियानो मासिक हप्त्याने दिला. छत्तीस हप्ते पुरे झाले की पियानो त्याचा, आणि तोवर वाटेल तेव्हा परत करण्याची मुभा, असा करार होता. या गृहस्थाने थोडेच हप्ते भरून पियानो मॅथ्यूज नामक सावकाराकडे गहाण टाकला. सावकाराचा मनात काही कपट नव्हता, तरी १८९५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला तो हेल्बीच्या बाजूने. कारण छत्तीस हप्ते पुरे करण्याचे त्या गृहस्थावर बंधन नव्हते. तो केवळ भाडेकरी होता, आणि भाडेकऱ्याला दुसऱ्याची वस्तू गहाण टाकता येत नाही. याच्याच दोन वर्षे आधी, १८९३ साली, ली विरुद्ध बटलर या खटल्यात करार खरेदीचे बंधन घालणारा होता, म्हणून तेथे प्रामाणिकपणे वस्तू घेणारा वाचला. तात्पर्य, करारातील एका शब्दाने निकाल फिरतो. आणि तो करार जुना फोन घेणाऱ्याने बहुधा डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो.

आपल्याकडे फोनाचे बिल सामान्यतः घेणाऱ्याच्या नावे निघते आणि कंपनी त्याला कर्ज देते. वस्तू कर्जदाराच्या ताब्यात राहते, पण कर्ज फिटेतो तारण असते. आपल्या जुन्या भाषेत यास नजरगहाण म्हणतात. अशा कर्जाच्या करारात, कंपनीच्या संमतीवाचून वस्तू विकू नये अशी अट सर्रास असते. ती अट मोडणारा विकणारा असतो. पण तिचे फळ प्रथम चाखतो तो घेणारा. प्रामाणिक ग्राहकाला न्यायालयात आपली बाजू मांडता येईल हे खरे. परंतु फोनाला लागलेले कुलूप न्यायालयाच्या तारखेची वाट पाहत नाही.

दूरवरून लागणारे कुलूप

हे कुलूप लागते कसे, असा प्रश्न कोणालाही पडेल. हप्त्यावर फोन देतानाच दुकानात त्यामध्ये एक लहानशी कार्यप्रणाली बसविली जाते. काही फोनांत तर निर्मात्याने तिची सोय आधीच करून ठेवलेली असते. सॅमसंग कंपनीची 'नॉक्स गार्ड' ही व्यवस्था या जातीची आहे. गूगलनेही हप्त्याच्या फोनांसाठी अशी सोय केलेली आहे. हप्ता थकला की कंपनीच्या संगणकातून आज्ञा सुटते आणि इंटरनेटद्वारे ती फोनापर्यंत पोहोचते. प्रथम सूचना येतात आणि शेवटी फोन बंद होतो.

पुष्कळांचा असा समज असतो, की फोन पुसून कोरा केला म्हणजे हे कुलूप निघते. तो समज चुकीचा आहे. कुलपाची नोंद फोनाच्या ओळख क्रमांकावर कंपनीच्या संगणकात असते. फोन पुसून पुन्हा इंटरनेटला जोडला, की तो आपली ओळख सांगतो आणि कुलूप पुन्हा येऊन बसते. भाडेकरूने खोली झाडून घेतली म्हणून घरमालकाचे नाव बदलत नाही, तसेच हे.

अशा कुलपाबद्दल देशात वाद चालू आहे. २०२४ साली रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या कंपन्यांना ही प्रथा थांबविण्यास सांगितले, आणि २०२५ साली ग्राहकाच्या पूर्वसंमतीने तिला परवानगी द्यावी काय याचा विचार सुरू झाला, अशा बातम्या वृत्तपत्रांत आल्या. या वादाचे काहीही होवो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. संमती विचारली जाईल ती कर्जदाराची. तुमच्या-आमच्यासारख्या दुसऱ्या हाताच्या ग्राहकाला कोणीच काही विचारणार नाही.

करारात बांधलेले फोन

हप्त्याखेरीज आणखी एका प्रकारे फोन बांधलेला असू शकतो. अमेरिका, इंग्लंड अशा देशांत फोन सेवा देणाऱ्या कंपनीच्या दीड-दोन वर्षांच्या करारावर घेण्याची प्रथा मोठी आहे. सुरुवातीला थोडे पैसे भरून महागडा फोन मिळतो. मोबदल्यात ठरलेली मुदत त्याच कंपनीची सेवा घ्यावी लागते आणि फोनाची किंमत महिन्याच्या बिलातून वळती होते. असा फोन पुष्कळदा त्या एकाच कंपनीच्या जाळ्यावर चालेल अशा रीतीने बांधलेला असतो. इंग्लंडमध्ये तेथील नियामक संस्थेने डिसेंबर २०२१ पासून असे बांधलेले फोन विकण्यास मनाई केली. अमेरिकेत २०१४ साली फोन मोकळा करून घेण्याचा हक्क देणारा कायदा झाला. तरीही पैसे थकलेले असतील तर फोन मोकळा होत नाही. परदेशातील कोणा आप्ताने वापरलेला आयफोन गावाकडे येतो, आणि आपले सीमकार्ड घातले की तो ढिम्म राहतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

आपल्या देशानेही हा अनुभव घेतलेला आहे. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स कंपनीची मोबाईल सेवा जाहीर झाली, आणि २००३ च्या पावसाळ्यात तिने केवळ पाचशे एक रुपये भरून फोन देण्याची योजना काढली. तोवर मोबाईल ही श्रीमंतांची वस्तू होती. या योजनेने ती रिक्षावाल्याच्या आणि भाजीवालीच्या हातात आणली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु या फोनात सीमकार्ड नसे, आणि तो दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालत नसे. मूळ ग्राहकाने बिल थकविले की सेवा तुटे, आणि ज्याने तो फोन पुढे विकत घेतला असेल त्याच्या हातात खेळणे उरे. पुढे २०१७ साली आलेला जिओफोन पंधराशे रुपयांच्या परत मिळणाऱ्या ठेवीवर दिला गेला. तोही एकाच कंपनीच्या जाळ्यावर चालणारा. स्वस्त फोनामागे बहुधा कोठेतरी एक दोर बांधलेला असतो. पहिल्या ग्राहकाला तो ठाऊक असतो. दुसऱ्याला ठाऊक नसतो.

ओळख क्रमांक आणि त्याच्या मर्यादा

प्रत्येक फोनाला पंधरा अंकी ओळख क्रमांक असतो. त्याला आयएमईआय म्हणतात. पहिले आठ अंक फोनाचा नमुना सांगतात, पुढचे सहा अंक त्या एका फोनाचा अनुक्रम, आणि शेवटचा अंक आधीचे चौदा बरोबर आहेत की नाहीत हे ताडण्यासाठी. दोन सीमकार्डांच्या फोनाला असे दोन क्रमांक असतात. फोन लावण्याच्या जागी *#०६# असे दाबले की क्रमांक पडद्यावर येतो.

चोरीचे व हरवलेले फोन बंद करण्यासाठी केंद्र सरकारने या क्रमांकांची मध्यवर्ती नोंदवही सुरू केली. तिचा आरंभ सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत, आपल्या महाराष्ट्रापासून झाला. मे २०२३ पासून 'संचार साथी' या नावाने ती सर्व देशाला खुली झाली. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून फोनाचा क्रमांक, असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठविला, की फोन काळ्या यादीत आहे काय, त्याचा क्रमांक दुसऱ्या कोठे वापरला जात आहे काय, हे कळते. हे सर्व विनामूल्य आहे. यात्रेच्या गर्दीत हरविलेला एखादा फोन चार दिवसांनी 'स्वस्तात' विकावयास आला, तर तो ओळखण्याचा हाच मार्ग. चोरीचा माल आहे हे जाणून घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

परंतु मित्रहो, येथेच मोठी गफलत होते. ही नोंदवही चोरीचे सांगते, कर्जाचे सांगत नाही. माझ्या फोनाचा क्रमांक मी पुढे तपासला. तो निर्दोष निघाला! एवढेच नव्हे, तर बिल ज्याच्या नावे आहे असा विकणारा पुढे मागे 'फोन हरवला' अशी तक्रार देऊन तो बंद पाडू शकतो, आणि त्या वेळी तुमच्यापाशी विक्रीची चिठ्ठी नसेल तर तुम्हीच संशयित ठरता. म्हणून तपासणीच्या जोडीस कागद हवाच.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

पहिली गोष्ट, बिल आणि खोके पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बिलावरचा, खोक्यावरचा आणि पडद्यावरचा क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. हप्त्यावर घेतलेल्या वस्तूच्या बिलावर पुष्कळदा कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव असते. ते दिसले की थांबावे.

दुसरी, सरळ विचारावे: "हप्ते हाईत का?" संकोच करू नये. फिटले असतील तर कर्ज फिटल्याचा कंपनीचा दाखला मागावा. 'शेवटचा हप्ता भरला' असे तोंडी सांगणे म्हणजे दाखला नव्हे.

तिसरी, विकणाऱ्याने आपली खाती काढून फोन तुमच्या समोर पुसून कोरा करावा, आणि मग तो इंटरनेटला जोडून पाहावा. कुलपाची व्यवस्था असेल तर तिची सूचना येण्याचा संभव या वेळी अधिक असतो. ॲपलच्या फोनात २०१३ पासून मालकाच्या खात्याचे कुलूप असते. ॲन्ड्रॉइडमध्ये २०१५ च्या सुमारास तशीच सोय आली. विकणाऱ्याने खाते न काढता फोन दिला तर पुसल्यावर तो तुम्हांला दार उघडणार नाही. फोन परदेशातला असेल तर आपले सीमकार्ड घालून बोलून पाहावे.

चौथी, पैसे रोख देऊ नयेत. खात्यातून खात्यात द्यावेत, म्हणजे पुरावा राहतो.

आणि हप्ते चालू असलेलाच फोन घ्यावयाचा असेल तर? त्यालाही सन्मान्य मार्ग आहे. विकणारा आणि घेणारा यांनी मिळून कंपनीकडून उरलेल्या रकमेचा आकडा घ्यावा. घेणाऱ्याने ठरलेल्या किमतीतून तेवढी रक्कम थेट कंपनीच्या खात्यात भरावी, पावती घ्यावी; कर्ज बंद झाल्याचा दाखला हाती आल्यावर आणि फोनातील कुलपाची व्यवस्था निघाल्यावर उरलेले पैसे विकणाऱ्यास द्यावेत. शेताचा बोजा आपण असाच उतरवितो.

शेवटी एक चिठ्ठी. मजकूर एवढा पुरे: "मी खाली सही करणार, अमुक नमुन्याचा व अमुक ओळख क्रमांकाचा माझ्या मालकीचा फोन आज अमुक तारखेस श्री. अमुक यांस अमुक रुपयांस विकला. या फोनावर कोणाचेही कर्ज, हप्ता अथवा बिल येणे नाही. तसे निघाल्यास ते फेडण्याची जबाबदारी माझी राहील." खाली दोघांच्या व एका साक्षीदाराच्या सह्या, आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. ही चिठ्ठी कुलूप उघडणार नाही. पण खोटे लिहून देताना माणसाचा हात अडखळतो, आणि पुढे फसवणुकीची तक्रार देताना पोलीस ठाण्यात हाच कागद उपयोगी पडतो. फोन दुकानदाराकडून घेतला असेल तर पक्के बिल घ्यावे. म्हणजे ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार मिळतो आणि राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

अडकल्यावर एक गोष्ट मात्र करू नये. 'पाचशे रुपयांत कुलूप काढून देतो, नंबर बदलून देतो' असे सांगणारे भेटतात, मलाही भेटले. ओळख क्रमांकाशी खेळणे हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. नऊ हजारांचे नुकसान सोसवते. हे सोसवणार नाही.

दोन शब्द विकणाऱ्यांना

विकणारा हा नेहमी ठक असतो असे मी म्हणणार नाही. त्या मुलालाही नड होती. हप्त्याचा फोन घेताना महिन्याचे दीड हजार हलके वाटले असतील, आणि काम सुटल्यावर ते जड झाले असतील. परंतु हप्ता थकला की त्याची नोंद पतमाहितीच्या दप्तरात त्याच्याच नावावर होते. उद्या शिक्षणासाठी वा घरासाठी कर्ज मागताना ती आडवी येते. फोन विकून हप्ता सुटत नाही. तसेच, मित्राच्या आग्रहाखातर आपल्या नावावर फोन काढून देणाऱ्यांनीही विचार करावा. फोन मित्राच्या हातात राहतो, पण देणे आपल्या नावावर राहते.

आजीला मी ओव्या पुन्हा म्हणावयास लावल्या. मधल्या आजारपणाने तिची आठवण थकली आहे. या खेपेस सत्तावीसच झाल्या. "आता न्हाई रं आठवत," म्हणून ती थांबली. प्रकल्प सत्तावीसांवरच सादर केला. उरलेल्या पंधरा ओव्या त्या फोनातच आहेत.

तो फोन अद्यापि आमच्या दुकानाच्या गल्ल्यात पडून आहे. चैत्रात यात्रेला याल तेव्हा दुकानावर अवश्य या. गुलालाने बोटे लाल झालेली असतील, तरी काढून दाखवीन. वीज जोडली की पडदा अजून उजळतो, आणि त्यावर कर्जदाराला उद्देशून लिहिलेली तीच सूचना येते.